आवाजी मतदान

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

माझी आई म्हणते, मला चांभारचौकशा करायची खोड आहे. आज त्या खोडीला रीतसर काम मिळालं.

सकाळी बाबांनी हॉलमध्ये बोलावून घेतलं. बाबा म्हणजे माझे सासरे, काळुराम. आधी नगरसेवक, मग लागोपाठ दोनदा आमदार, आणि गेल्या वर्षी पडलेले. ठाकुर्लीला त्यांना अजून सगळे ‘आमदार’ म्हणूनच हाक मारतात. पडल्यावर माझ्या नवऱ्याने, मितेशने, दारावरच्या पाटीवर ‘माजी’ लिहायला पेंटर आणला होता. बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

झालंय असं की पक्षाला नवा जिल्हाध्यक्ष आलाय आणि त्याने फर्मान काढलंय: महापालिकेचं तिकीट हवं असेल त्याने आपला कार्यअहवाल छापून आणायचा. आजवरचे निकाल, केलेली कामं, विचारलेले प्रश्न, सभागृहात घेतलेली भूमिका, सगळं. बाबांना परत महापालिकेत जायचंय. मितेश म्हणाला, “बाबा, आमदाराचा नगरसेवक म्हणजे सरळ सरळ डिमोशन.” बाबा म्हणाले, “घरी बसन्यापरास बरा.”

“पोरी, तू राज्यशास्त्र शिकवायचीस ना? तूच लिव. मना भाषान जमतं, लिवना नाय जमत.”

ज्युनिअर कॉलेजातला माझा करार मार्चमध्ये संपला. तेव्हापासून मी घरात बसून मितेशच्या टाइल्सच्या दुकानाची बिलं करतेय. मी लगेच हो म्हटलं. कुणाच्या तरी आयुष्यात राजरोस नाक खुपसायला मिळतंय, आणि तेही स्वतःच्या सासऱ्याच्या. असं भाग्य कुठल्या सुनेला लाभतं?

काल भाऊबीज झाली. आईंचे (सासूबाईंचे) भाऊ राघोमामा याही वर्षी आले नाहीत. आईंनी पाट मांडला होता, संध्याकाळी उचलून ठेवला.


मंगळवार, २८ ऑक्टोबर

बाबांनी विधानसभेत प्रश्न भरपूर विचारलेत. पादचारी पूल, पाण्याची टाकी, शाळेचं छप्पर, खाडीतलं सांडपाणी. एक प्रश्न तर डोंबिवलीतल्या माकडांबद्दल आहे. मी विचारलं तर बाबा म्हणाले, “हसू नको. त्या माकरांनी एका बायचा मंगलसूत्र नेलता. ती माज्याकरं रडत आयली, मी काय करू?” मी ते अहवालात घालणार आहे. घालू नको म्हणाले तरी.

‘सभागृहातील भूमिका’ या पानाशी आलो. मी विचारलं, “गुरचरण विधेयक?”

बाबा चष्मा पुसायला लागले. “विरोध केला. लिव, ठाम विरोध.”

हे पान सगळ्यात महत्त्वाचं, कारण घरातलं भांडण तिथेच आहे. आईंचं माहेर सापोली, टिटवाळ्याच्या पुढे. चार वर्षांपूर्वी गावागावांची गुरचरणं गृहप्रकल्पाला द्यायचं विधेयक विधानसभेत आलं. विधेयकाच्या शेवटी गावांची यादी होती आणि त्यात सापोली होती. कुरण गेलं. राघोमामा म्हणाले, भावजींनी होय म्हणून मत दिलं. बाबा म्हणाले, नाही म्हणून दिलं. मग आई सापोलीच्या जत्रेत देवीच्या देवळात उभ्या राहिल्या आणि सगळ्या गावासमोर बोलल्या, माझा माणूस नाहीच म्हणालाय, माझा भाऊ खोटं बोलतोय. त्या दिवसापासून बहीणभावांचं बोलणं बंद आहे.

स्वयंपाकघरातून आईंचा आवाज आला, “ठाम लिव. मोठ्या अक्षरात लिव.”

नवऱ्यावर इतका विश्वास ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. माझा मितेशवर दुकान वेळेत बंद करण्याबाबतही विश्वास नाही.


शनिवार, १ नोव्हेंबर

आज निकालांचं पान. मतदान केंद्राप्रमाणे मतांची फोड मिळते, हे मी वर्गात शिकवलेलं, पण स्वतः कधी उघडून पाहिलं नव्हतं. पाहिलं आणि चाटच पडले.

बाबा गेलं वर्षभर येईल त्याला सांगत असतात की आपल्याला टॉवरवाल्यांनी पाडलं. बाहेरून आलेली माणसं, लिफ्टमधून खाली उतरायला तयार नाहीत, वगैरे. निकाल उलटंच सांगतोय. टॉवरवाल्यांनी बाबांना भरभरून मतं दिलीत. मतं गेली ती आमच्या जुन्या गावठाणाच्या केंद्रावर, जिथे सगळे भाऊबंद, जिथे बाबांच्या लग्नात नाचलेली माणसं अजून जिवंत आहेत.

बाबांना दाखवलं. म्हणाले, “मशीन बिघरली असल.”

मला राहवतंय थोडंच. संध्याकाळी आमच्या आळीतल्या नंदाकडे गेले. वयाने माझ्याएवढीच, एरवी जीव टाकते माझ्यावर. मी सरळच विचारलं, गावठाणाने बाबांना का पाडलं? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “तुना खरंच नाय ठाव?”

“नाही गं.”

“या आलीतल्या सुना मोज. कोन कुटली हाय?”

मग मीच मोजत गेले. नंदा सापोलीची. तिची जाऊ सापोलीची. समोरची शीला, तिच्या दोन्ही सुना. पूर्वीपासून आमच्याकडून सोयरीक सापोलीलाच व्हायची, म्हणून अर्ध्याअधिक आळीचं माहेर तिथेच. नंदा म्हणाली, “माज्या आयसनं म्हशी इकल्या. कुरान नाय तर चारील काय? आमी कुनाला सांगला नाय. आमी बटान दाबला.”

“पण बाबांनी तर विरोध केला होता!”

नंदाने माझ्याकडे बघितलं, आणि पुढची घडी घातली. “तुजी सासू म्हनते तसा.”

म्हणजे गैरसमजातून निकाल लागला! लोकशाहीत असंही होतं. मी ठरवलंय, विधानसभेच्या कामकाजाचा पुरावाच अहवालात छापायचा. एकदा छापलं की राघोमामांचं तोंड बंद, नंदाचं बंद, आणि पुढच्या भाऊबीजेला पाट रिकामा राहणार नाही.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

पुरावा मिळाला आणि त्यात काही नाही.

त्या दिवसाचं छापील कामकाज मिळवायला मला सुधीर सरांची मदत झाली. ते विधान भवनाच्या ग्रंथालयात असायचे, आता निवृत्त होऊन ठाण्यात राहतात. मोठ्या आशेने पान उघडलं. मंत्र्यांचं निवेदन आहे, दोघातिघांची भाषणं आहेत (बाबांचं नाही), आणि मग एकच ओळ: ‘प्रस्ताव मतास टाकण्यात येऊन संमत झाला.’

कुणी काय म्हटलं? कुठेच नाही. सुधीर सर हसले. “अहो, आवाजी मतदान ते. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं. लोक ओरडतात. ज्या बाजूचा आवाज मोठा त्या बाजूने निकाल. कुणी पोल मागितला तरच एकेकाचं मत मोजून नोंदवतात, आणि पोल सहसा कुणी मागत नाही. तुमच्या सासऱ्यांनी दहा वर्षांत शेकडो विधेयकांवर मत दिलं असेल. नोंद शोधायला गेलात तर हाताला काही लागणार नाही.”

मी ही गोष्ट मुलांना एका वाक्यात शिकवायचे. ‘बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात.’ परीक्षेत एका गुणाला. त्या एका गुणाच्या आत माणूस लपून बसू शकतो, हे मला कधी सुचलं नाही. आपण मत देतो ते गुप्त, हे ठीक. पण आपण ज्याला निवडून दिलं त्याचंही मत आपल्याला कळू नये?

घरी येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं, बिचाऱ्यांना वाईट वाटेल, स्वतःच्या विरोधाचा पुरावा नाही म्हणून. पण ते खुशीत आले. “कायच लिवलेला नाय? बग, मी बोल्लो व्हतो ना!” मग आईंना हाक मारून बासुंदी आणायला लावली. पक्का राजकारणी माणूस, कशातही शुभशकुन बघतो.


रविवार, ९ नोव्हेंबर

सांगण्यासारखं फार नाही, पण मजा आली.

मितेशला म्हटलं होतं, विधानसभेचं कामकाज हल्ली थेट दाखवतात, त्या दिवसाचं चित्रण कुठे मिळतंय का बघ. पठ्ठ्याने शोधून काढलं. दुपारी बाबा कुणाच्या तरी हळदीला गेले होते. आम्ही ते हॉलमधल्या टीव्हीवर लावलं. आई मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या.

कंटाळवाणं प्रकरण. संध्याकाळची वेळ, अर्धी बाकं रिकामी. एका मागून एक विधेयकं. अध्यक्षांचा नुसता पाढा चाललेला. कॅमेरा सारखा अध्यक्षांवर, त्यामुळे बाबा दिसतच नाहीत. आमचं विधेयक आलं. अध्यक्ष म्हणाले, होय म्हणावे. मागून एकच गलका, ‘होऽय!’ मग नाही म्हणावे. दोनचार ‘नाही’, तेही मरतुकडे. होयचे बहुमत, विधेयक संमत. झालं. एवढ्यात कुरण गेलं.

मी कान देऊन ऐकत होते की त्या ‘नाही’मध्ये बाबा आहेत का. मितेश म्हणाला, “यार, नुसता कालवा आहे, काय कळणार?”

आई म्हणाल्या, “परत लाव.”

परत लावलं.

“आवाज मोठा कर. परत.”

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्यांचे हात वालात तसेच थांबले होते. मग उठल्या. म्हणाल्या, गॅसवर ठेवलंय काहीतरी. आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. मी पाणी प्यायला गेले तर गॅस बंदच होता, आणि त्या खिडकीशी उभ्या होत्या. सभागृह पहिल्यांदाच असं आतून ऐकलं म्हणून भारावल्या असणार. नवरा दहा वर्षं जिथे बसत होता, ती जागा त्यांनी कधी पाहिलीच नाही. मी उरलेले वाल सोलून टाकले.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज आरक्षणाची सोडत निघाली. आमची जागा महिलांसाठी राखीव!

बाबा दुपारभर झोपाळ्यावर बसून होते. मग पक्षातून फोन आला आणि चेहरा उजळला. “जया उभी र्‍हाईल,” बाबा फोनवरच म्हणाले. जया म्हणजे आई. “ती नाय कनाला बोलंल? माज्या घरची बाय हाय.” फोन ठेवेपर्यंत कार्यकर्ते पेढे घेऊन आले. जया काकी आगे बढो सुरू झालं. आई दारात उभ्या राहिल्या, पेढा हातात घेतला आणि तसाच देवापुढे ठेवून आल्या.

त्यांना कुणी विचारलंच नाही, हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय. पण इथे असंच असतं. जागा राखीव झाली की बायको उभी, आणि खुर्चीच्या पाठी नवरा. अहवालाच्या मुखपृष्ठावर आता दोन फोटो येणार.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बॅनरसाठी आईंचा फोटो काढून आणला. फोटोवाला सारखा म्हणत होता, काकी हसा ना. काकी हसल्या नाहीत. घाबरल्यात. मी असते तर मीही घाबरले असते.

परत येताना रिक्षात विचारत होत्या, “महापालिकेत बी असाच वरडून मत देतान?”

मी मास्तरीणबाईंच्या थाटात समजावलं. कधी हात वर करून, कधी आवाजी. पुष्कळदा तर सगळेच ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात आणि संपतं.

“नि गप बसला तर?”

“गप बसलं तर गप्पच. नोंद नाही.”

“मंग मानसाला कसा कलनार?”

म्हटलं, आई, हाच प्रश्न मला पडलाय. त्या एवढंच म्हणाल्या, “तुना पडला, पर तू इचारला नायस.” कुणाला विचारायचं ते काही बोलल्या नाहीत. उमेदवार हळूहळू तयार होतोय!


सोमवार, १७ नोव्हेंबर

आईंचं पित्त वाढलंय बहुतेक. जेवत नाहीत धड. बाबांचं ताट वाढून टेबलावर झाकून ठेवतात आणि आत निघून जातात. एरवी बाबा जेवताना समोर बसून माशाचा काटा काढून देणारी बाई. बाबांनी आज चिडून मलाच विचारलं, “हिला झाला काय?” मी म्हटलं, निवडणुकीचं टेन्शन. संध्याकाळी पित्ताचं औषध आणलं. आईंनी बाटली हातात घेतली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “तू साधी हायस.” औषध घेतलं नाही ते नाहीच.


गुरुवार, २० नोव्हेंबर

क्रमाने लिहिते.

अहवाल लिहून झाला होता. आज सकाळी छापायला द्यायचा होता. बाबा पेपर वाचत होते, मितेश दुकानात निघायच्या तयारीत. आई पदर खोचून समोर येऊन बसल्या. म्हणाल्या, “पयले मना वाचून दाखव. माजा फोटो हाय त्याच्यावर.”

मी वाचलं. जन्म, शाळा, नगरसेवकपद, पूल, टाकी. माकडांवर मितेश हसला. मग वाचलं, ‘गुरचरण विधेयकाला त्यांनी सभागृहात ठाम विरोध केला.’

“ह्ये काढ,” आई म्हणाल्या.

बाबांनी पेपर खाली केला. “कनाला? तेच तर मोठा काम हाय.”

“तुमी होय बोल्ले.”

“कोनी सांगला? राघोनं?”

“तुमीच सांगला. मितेशनं टीव्हीवर लावला व्हता. शंभर जना वरडला तरी तुमचा आवाज मना कलत नाय? हलदीच्या डीजेत तुमी मांडवाभायेरशी हाक मारता, मी आतमदशी ओ देते.”

बाबा आधी हसले. कार्यकर्त्यांसमोर हसतात तसं. मग माझ्याकडे बघितलं, मग मितेशकडे. मी ते चित्रण तीनदा ऐकलं होतं. मला फक्त गलका ऐकू आला होता.

खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला धक्का वगैरे बसला नाही. पहिल्यांदा वाटलं ते हेच की, अरे, उत्तर सापडलं! इतके दिवस शोधत होते ते सापडलं. मग आईंकडे बघितलं, आणि स्वतःची लाज वाटली.

“सगलेच बोल्ले,” बाबा म्हणाले. आवाज एकदम बसला होता. “मना तर आयकूच नाय आला काय इचारला त्ये. येकामागून येक बिलां. बाजूचा बोल्ला होय, मी बोल्लो होय. रोज असाच. भायेर आयल्यावर मागची यादी वाचली. त्यात सापोली.”

“मंग घरी येऊन का नाय सांगला?”

“काय सांगू? तुज्या भावाचा कुरान मी न आयकता दिला, असा सांगू? नि लिवलेला कुटं हाय? कुटंच नाय.”

“कुटंच नाय म्हनून मना पाठवला.” आई उभ्या राहिल्या. “देवीच्या समोर उभी र्‍हायले मी. माजा मानूस खरा, माजा भाव खोटा, असा बोल्ले. त्याच्या पोरांच्या देखत. तुमी गारीत बसून आयकत व्हते.”

बाबा गाडीतून उतरलेच नव्हते त्या दिवशी. हे मला आज कळलं.

मितेश मध्ये पडला. म्हणाला, आई, झालं गेलं, आता तिकिटाची वेळ आहे, हे बाहेर गेलं तर पक्ष दुसऱ्याला देईल. नोंद नाही तर आपण कशाला उकरायचं? त्याचं चुकत होतं असंही नाही. तिकीट जाणार, हे मलाही दिसत होतं. पण माझा नवरा इतक्या पटकन हिशेबाला बसला, ते मला आवडलं नाही.

बाबांनी विचारलं, “मंग तू अर्ज नाय भरनार?”

“भरीन. पर पयले सापोलीला चला. राघोच्या वट्यावर बसून सांगा, मानसांसमोर. नाय तर तुमचा अर्ज तुमीच भरा, साडी नेसून.”

“आमदार मानूस मी, तिकरं जाऊन—”

“माजी,” आई म्हणाल्या, आणि वाल भिजत घालायला आत गेल्या.


शनिवार, २२ नोव्हेंबर

घरात सुतक असल्यासारखं. बाबांनी सकाळी मला अंगणात गाठलं. म्हणाले, तू शिकलेली आहेस, असं काहीतरी लिही की खोटंही नको आणि तिकीटही जायला नको.

मी प्रयत्न केला. नाकारता आलं नाही, आणि जमतं का ते बघायची खुमखुमीही होती. लिहिलं: ‘गुरचरणाबाबत गावांच्या भावनांची त्यांना सदैव जाणीव राहिली.’ वाचून मलाच हसू आलं. आईंना दाखवलं, तर त्याही हसल्या. कितीतरी दिवसांनी. म्हणाल्या, “यापरास माकरांचा बरा हाय.”

ते वाक्य मी खोडलं. बाबांना सांगितलं, मला दोनच वाक्यं येतात. एक होयचं, एक नाहीचं. ते तुळशीची वाळकी पानं खुडत राहिले. मग मितेशला हाक मारून म्हणाले, उद्या सकाळी गाडी काढ.


रविवार, २३ नोव्हेंबर

जाऊन आलो.

टिटवाळा मागे पडला तशी आईंनी खिडकीची काच खाली केली. सापोलीच्या अलीकडे रस्त्याला लागून निळे पत्रे ठोकलेत, लांबच्या लांब. पत्र्यांवर स्विमिंग पुलाचं चित्र. आई म्हणाल्या, “ह्येच.” मी कुरणाबद्दल पान भरून लिहिलं होतं, पण ते पाहिलं आजच.

राघोमामा ओट्यावर उभे होते. आईंपेक्षा धाकटे, पण केस सगळे पांढरे. या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. सुमतीमामींनी पाणी आणलं. आळीतली माणसं जमली. नंदा माहेरी आली होती, तीही भिंतीला टेकून उभी राहिली. तिने माझ्याकडे बघितलं आणि भुवई उडवली. मी मान खाली घातली.

बाबा उभे राहिले. सवयच ती. “माज्या बंधूंनो आनि भगिनींनो, आज मी तुमच्यासमोर—”

“भाषान नको,” राघोमामा म्हणाले. “काय बोल्लास तेवरा सांग.”

बाबांनी आईंकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होत्या. त्यांनी मदत केली नाही. मला वाटलं, बाबा आता गाडीकडे चालू लागणार. एकदा त्यांनी तसं पाऊलही उचललं. मग ते खाली बसले, ओट्याच्या कडेला, आणि लहान आवाजात म्हणाले, “होय बोल्लो. आयकू नाय आला काय इचारला. आनि मंग तुमाला खोटा सांगला.”

एवढंच. सगळ्या कारकिर्दीतलं सगळ्यात छोटं भाषण असेल. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले आणि घराकडे निघून गेले. मला वाटत होतं, लोक शिव्या घालतील, नाहीतर माफ तरी करतील. तसं काहीच झालं नाही. राघोमामा म्हणाले, “ठाव व्हता. गुरां पत्र्यावर डोकी आपटून परत आयली, तवाच कलला.”

मग ते आईंकडे वळले. “नि तू, बाय?”

आई पुढे झाल्या. “मना ठाव नव्हता. पर बोल्ले ते खोटाच. देवलात बोल्ले, देवलात जाऊन परत सांगीन. जत्रंत, सगल्यांसमोर.” आणि त्या रडायला लागल्या. दोन आठवड्यांचं, चार वर्षांचं, जे काय होतं ते सगळं. मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. पण सरकून ओट्यावर जागा केली, आणि आई बसल्या.

मितेश मोबाइल बघत होता. मी त्याला कोपराने ढोसलं.

मामांनी विचारलं, “तू उभी र्‍हानार म्हनं.”

“तिकीट देतील तर. नाय दिला तर नाय.”

“तिकरं बी असाच वरडून करतान ना? मंग उद्या आमी कुनाला इचारायचा, बाय काय बोल्ली?”

“तुमी फिकीर नका करू,” बाबा सवयीने म्हणाले, “मी हाय ना तिच्या पाठी, मी तिला—”

आईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. पदराने डोळे पुसले, आणि भावाला म्हणाल्या, “सगल्यांचा वरडून झाला, का मंग मी बोलेन. एकटीचा आयकू येल.”